तबकडी, कॅसेट आणि शेवटचे कडवे

गेल्या काही वर्षांत मराठी पांढरपेशा लेखनात एक नवी हळहळ ऐकू येऊ लागली आहे. ती तबकडीविषयीची आहे. ग्रामोफोनची सुई, तिची खरखर, एलपीचे मोठे वेष्टन, ते दोन्ही हातांनी धरण्यातला आनंद, आणि शेवटी 'आता गाणे हातात धरता येत नाही' हा निःश्वास. या हळहळीचा आता बाजारही उभा राहिला आहे. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांची विक्री नगांच्या हिशेबात सीडीच्या पुढे गेली. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. आपल्याकडेही एका नव्या एलपीला दोन-तीन हजार रुपये मोजणारे गिऱ्हाईक तयार झाले आहे.

या हळहळीची मला टिंगल करायची नाही. आवडीची गोष्ट हातात धरावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या समाजाच्या आठवणी लिहिल्या जातात तेव्हा त्यांत कोणाचे घर आहे, हे पाहणे समीक्षेचे काम असते. या लेखनातले घर बहुधा एकच असते. दिवाणखाना, लाकडी कपाट, वडिलांनी आणलेली नाट्यपदांची तबकडी आणि रविवारची सकाळ. ज्या घरात तबकडी कधी आलीच नाही, त्या घरातल्या माणसाने या वादात काय बोलावे? त्याला काही म्हणायचे असेल तर वादाचा प्रश्नच बदलावा लागेल. माझा प्रश्न असा आहे: गाणे ज्या वस्तूवर कोरले जाते तिच्यावर नाव कोणाचे येते, ते नाव कोण टिकवतो आणि कोण पुसतो? तबकडी चांगली की डिजिटल चांगले, हा वाद या प्रश्नावर तपासला पाहिजे.

आवाजाच्या 'उबे'चा निकाल आधी लावून टाकू. तबकडीप्रेमी सांगतात की, डिजिटल ध्वनी तुकड्यातुकड्यांचा असतो आणि तबकडीचा अखंड. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेतले जाते, हे खरे. पण दोन मापांमधले गाणे हरवते ही समजूत खरी नाही. माणसाचा कान साधारणपणे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो. त्याच्या दुपटीहून अधिक मापे घेतली की तेवढ्या मर्यादेतला मूळ ध्वनी पुन्हा पूर्ण उभा करता येतो. उलट तबकडीवर खर्ज जसाच्या तसा कोरता येत नाही. तो दाबून कोरावा लागतो आणि वाजवताना पुन्हा उचलावा लागतो. मोबाइलवरच्या एमपी३ फाइलीत जागा वाचवण्यासाठी ध्वनीचा काही भाग टाकून दिलेला असतो, एवढी तक्रार मात्र रास्त आहे. बाकी ऊब ही ऐकणाऱ्याच्या आठवणीत असते, आणि आठवणी सगळ्यांच्या सारख्या नसतात.

२

तबकडीचा इतिहास आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत आपले नाव उच्चारते. आज लोक ते कौतुकाने ऐकतात; त्यामागे गरज मात्र कारखान्याची होती. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगाराला आवाज कोणाचा हे कळायला हवे होते. कारण काहीही असो, या देशातल्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्याच टप्प्यात एका तवायफेचे नाव तिच्याच आवाजात कोरले गेले. कागदी लेबल सोलून निघाले तरी ते नाव राहिले. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

ती तबकडी बनलेली होती लाखेच्या मिश्रणाची. व्हिनाइलची एलपी अमेरिकेत १९४८ साली निघाली. त्याआधीचे जवळजवळ अर्धशतक मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या लाखेवर चालल्या. लाख झाडावरच्या किड्यापासून मिळते, आणि जगाला ती पुरवणारा प्रमुख देश हिंदुस्थान होता. त्यातही छोटा नागपूरचा आदिवासी मुलूख. पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवरून लाख खरवडणाऱ्या त्या हातांशिवाय लंडनचा ऑपेरा वाजला नसता आणि पुण्याचे नाट्यपदही वाजले नसते. त्या हातांची नोंद कोणत्या लेबलावर आहे? लेबलावर होता एक कुत्रा, कर्ण्यासमोर बसून मालकाचा आवाज ऐकणारा. पिढ्यान्पिढ्या ज्यांनी मालकाचाच आवाज ऐकला, त्यांना त्या चित्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात राग बसवणाऱ्या ख्यालगायकांचे पुष्कळ कौतुक झाले आहे, आणि ते योग्यही आहे. पण जलशाचे काय? सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि इतर आंबेडकरी जलसेकार गावोगाव रात्र-रात्र उभे राहत होते. गाणे, संवाद, वग, मध्येच भाषण, समोरून आलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर. हे तीन मिनिटांत कसे मावावे? आणि मावले असते तरी कंपनीने ते का छापावे? स्टुडिओ तिचा, साचा तिचा, निवड तिची. जलसा कागदावर थोडाफार उरला. ध्वनीत जवळजवळ उरलाच नाही. बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसापर्यंत नेणारे ते आवाज कसे होते, हे आज आपण ऐकू शकत नाही. तबकडीच्या सुवर्णयुगावर लिहिणाऱ्याने ही रिकामी जागाही मोजली पाहिजे.

वस्तीने तबकडी ऐकलीच नाही, असा याचा अर्थ नाही. वस्तीने ती विकत न घेता ऐकली. लग्नात लाऊडस्पीकरवाला यायचा, लिंबावर कर्णा बांधायचा आणि पेटीतल्या प्लेटा एकामागून एक लावायचा. माझी आजी शेवटपर्यंत तबकडीला 'प्लेट'च म्हणायची. त्या कर्ण्यातून ऊब वगैरे काही येत नसे. आवाज फाटकाच यायचा. पण तो गावकुसाच्या आत जायचा. गावात पाय ठेवताना ज्यांना विचार करावा लागे, त्यांच्या लग्नातले गाणे पाटलाच्या ओसरीपर्यंत कोणाला न विचारता पोचायचे. दिवाणखान्यातले ऐकणे खाजगी होते. आमचे ऐकणे चारचौघांतले होते, आणि म्हणूनच ते पुष्कळदा भांडणाचे कारण व्हायचे. या दोन अनुभवांना 'तबकडीची आठवण' असे एकच नाव देता येणार नाही.

पुढे आपल्यांतलेही आवाज कंपन्यांनी मुद्रित केले. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांनी महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. आषाढीला तो आजही लागतो. त्याच गळ्याने भीमगीते गायिली. ती त्या घरांत गेली नाहीत. गळा घ्यायचा आणि त्या गळ्यातला विचार उंबऱ्याबाहेर ठेवायचा, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. चोखोबाला तिचा अनुभव होता.

३

आमच्या घरात गाणे 'वस्तू' म्हणून आले ते कॅसेटच्या रूपाने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली ही चपटी डबी १९८०च्या दशकात भारतभर स्वस्त झाली. टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्यांनी जुन्या कंपनीची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारतापुरता हा व्यवहार तपासला आहे. गाणे भरणे स्वस्त, नक्कल स्वस्त, यंत्र स्वस्त; म्हणून बोलीतली गाणी आणि लहान गायक बाजारात आले. महाराष्ट्रातल्या भीमगीतांनाही हे लागू पडते.

माझे वडील औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) जुन्या मोंढ्यात हमाली करीत. त्यांनी घेतलेली पहिली चैनीची वस्तू म्हणजे टेपरेकॉर्डर. घरात पंखा त्यानंतर आला. १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि १४ जानेवारी या तारखांना घरात नव्या कॅसेटा येत. विद्यापीठाच्या दाराशी पुस्तकांच्या शेजारीच त्यांची दुकाने मांडलेली असत. नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला. लगेच मराठवाड्यात दलितांची घरे पेटली. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. या सोळा वर्षांचा इतिहास आज पुस्तकांत आहे. वस्तीला तो गाण्यांतून पाठ झाला. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. पोचिराम कांबळे कोण होता, हे तिला कॅसेटने सांगितले.

कॅसेटच्या एका बाजूवर तीस किंवा पंचेचाळीस मिनिटे मावत. गाणे पुरते गाता येई, दोन गाण्यांच्या मध्ये बोलता येई. पट्टी अडकली की पेन्सिल घालून गुंडाळता येई. एकाने विकत घ्यायची आणि चौघांनी भरून घ्यायची, अशी ती गल्लीत फिरायची. कायद्याने ती चोरी होती. आमच्या गल्लीपुरते ते वाचनालय होते.

परंतु कॅसेटलाही सोवळे नेसवू नये. गाणे ठोक रकमेवर देऊन टाकण्याची रीत तिथेही होती. कागदावर गायकाचा फोटो मोठा, कवीचे नाव बारीक अक्षरांत, कधी मुळीच नाही. नक्कल केलेल्या कॅसेटवर तर निळ्या पेनाने 'भीमगीते भाग २' एवढेच लिहिलेले असे.

तरीही कवी उरला. तो कसा उरला, हे नीट पाहिले पाहिजे. आपल्या मौखिक परंपरेत कवीचे नाव वेष्टनावर नसते, गाण्याच्या पोटात असते. तुका, जनी, चोखा यांची नावे अभंगाच्या शेवटच्या चरणात येतात. शाहिरांनी हीच नाममुद्रा उचलली. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आयुष्यभर खेडोपाडी हिंडले, हजारो गीते रचली, आणि गीताच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' ठेवत गेले. गौहरजानने नाव उच्चारले ते गाणे संपल्यावर. वामनदादांनी ते गाण्यातच विणले. कागद हरवो, लेबल फाटो, नकलेची नक्कल होवो. शेवटचे कडवे गायिले जाते तोवर कवीला पुसता येत नाही. म्हणून कोणत्याही माध्यमाला लावायची माझी कसोटी साधी आहे. शेवटचे कडवे वाजते का?

४

मी मराठी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी बी.ए.च्या वर्गात विचारले, 'भीमगीत कोणाकोणाच्या मोबाइलवर आहे?' बहुतेक हात वर झाले. 'लिहिले कोणी?' वर्ग गप्प. एकाने गायकाचे नाव सांगितले, एकीने कंपनीचे, एकाने डीजेचे. मग आम्ही त्यांतले एक गाणे शेवटपर्यंत ऐकायचे ठरवले. त्या गाण्याला शेवट नव्हताच. ध्रुवपद, एक कडवे, ठेका, पुन्हा ध्रुवपद, पुन्हा ठेका. नाममुद्रेचे कडवे कापून टाकले होते, आणि पडद्यावर कवीच्या जागी शब्द होता 'पारंपरिक'. ज्या कवीच्या अंत्ययात्रेला गेलेली माणसे आमच्या वस्तीत अजून हयात आहेत, तो पारंपरिक कसा? गाणे बेवारस ठरवायचे असले की हा शब्द फार सोयीचा पडतो.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गाण्याच्या वापरातून येणाऱ्या उत्पन्नात गीतकार आणि संगीतकार यांचा वाटा ठरला, आणि तो करारात लिहून सोडून देता येत नाही अशी तरतूद झाली. पण वाटा मागायला नाव लागते. जिथे नावाची जागा कोरी आहे, तिथे शाहिराच्या बायकोमुलांनी कोणत्या कागदावर बोट ठेवायचे?

मग गुन्हेगार डिजिटल का? तसे मी म्हणणार नाही. दोन उदाहरणे समोर ठेवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे मोठे काम केले. त्या एक लाखाहून अधिक आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यांत आहेत. आज हा ठेवा पी. साईनाथ यांच्या 'परी' या डिजिटल संग्रहात ऐकता येतो. तिथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. राधाबाई बोऱ्हाडे हे नाव तिथे त्यांच्या आवाजाइतकेच स्पष्ट आहे. दुसरे उदाहरण शाहीर विलास घोगरे यांचे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांचा आवाज आज ऐकू येतो तो आनंद पटवर्धन यांच्या चित्रपटांत. 'जय भीम कॉम्रेड' (२०११) त्यांच्याच मृत्यूपासून सुरू होतो. दोन्ही ठिकाणी माध्यमे वेगळी आहेत. सारखे आहे ते जपणाऱ्याचे इमान.

डिजिटल गाण्याला देह नसतो, असेही म्हटले जाते. १६ मे २०१५ रोजी शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन हे भांडणाचे निमित्त असल्याची बातमी देशभर आली. लिंबावरच्या कर्ण्यापासून खिशातल्या मोबाइलपर्यंत यंत्र पार बदलले. ते ऐकून ज्यांचे पित्त खवळते, ते बदललेले नाहीत. आमचे गाणे कोणत्याही माध्यमात गेले तरी त्याला देह असतो. तो ऐकणाऱ्याचा देह असतो.

५

आता आपल्या घराकडे वळू. दलित साहित्याच्या समीक्षेने छापील शब्दाला मान दिला. मुक्तछंदातली कविता आणि आत्मकथन यांनी मराठी साहित्य मुळापासून हलवले, यात शंका नाही. पण त्याच वेळी भीमगीताला आपण 'प्रचारगीत' म्हणून बाजूला सारले. त्याच्या यमकांना हसलो, सिनेमाच्या चालींना नाके मुरडली. वामनदादांना सभेत बोलावले, हार घातला. अभ्यासक्रमात आणि समीक्षेच्या पुस्तकात मात्र त्यांना जागा देताना हात आखडला. ज्याचा वाचक निरक्षर आहे असा कवी आपल्या व्याख्येत बसेना. प्रस्थापितांनी आपल्या शब्दांशी जे केले, तेच आपण पहिल्या पिढीच्या पदवीधरांनी आपल्या आईबापांच्या कानांशी केले. आपल्या किती महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत भीमगीतांच्या कॅसेटांचे एक तरी कपाट आहे?

हे मी दुसऱ्याला सुनावतो आहे, असे कोणी समजू नये. माझे आजोबा गायनपार्टीत पेटी वाजवीत आणि गात. वडिलांनी त्यांची चार गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून घेतली होती. त्यांतले एक आजोबांनी स्वतः रचलेले होते. कॅसेटच्या पाठीवर दोन लहान टिकल्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. वडिलांना हे ठाऊक नव्हते. मी नववीत असताना तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. आजोबा तोवर गेले होते. संध्याकाळी वडील मोंढ्यातून आले, त्यांनी ती कॅसेट लावली, थोडी ऐकली, उलटी करून पुन्हा लावली आणि बंद केली. 'राहू दे, तुला काय माहीत,' एवढेच म्हणाले. आजोबांच्या त्या गाण्याचे ध्रुवपद वडिलांना आजही येते. आजोबांचे नाव ज्या कडव्यात होते ते कडवे आता कोणालाच येत नाही. ते कंपनीने कापले नाही, गावानेही पुसले नाही. ते मी पुसले.

म्हणून तबकडीवरच्या हळहळीत सामील होण्याइतका वेळ आपल्याकडे नाही. कॅसेटच्या चुंबकी पट्टीला बुरशी लागते, ती चिकटते, तिच्यावरचा थर झडतो. वाजवणारी यंत्रे मिळेनाशी झाली आहेत. जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात मी त्या भंगाराच्या ढिगात पाहिल्या आहेत. ज्या डिजिटलला आपण नावे ठेवतो, त्यातच त्या आता उतरवून घ्याव्या लागतील, आणि एकाहून अधिक ठिकाणी ठेवाव्या लागतील. मात्र उतरवताना मूळ डबी आणि तिच्यातला कागद फेकू नये. गाणे कोणी रचले, कोणी गायिले, कोणत्या गावी, कोणत्या साली, कॅसेट कोणाच्या घरून आली, हे लिहिल्याशिवाय फाइल पुढे पाठवू नये. जे वृद्ध शाहीर आज गाऊ शकतात, त्यांच्याकडे विद्यार्थ्यांना पाठवावे, त्यांच्या संमतीने सबंध गाणे भरून घ्यावे, आणि या कामाला प्रकल्प म्हणून गुण द्यावेत. यासाठी सरकारी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक चालू टेपरेकॉर्डर, एक संगणक, एक वायर आणि एक वही पुरते.

आमच्या विभागात गेल्या वर्षी अशी वही घातली. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरांतून त्रेचाळीस कॅसेटा आणल्या. काही वाजल्या, काही वाजल्या नाहीत. वहीत पहिला रकाना कवीच्या नावाचा ठेवला आहे. बऱ्याच गाण्यांपुढे तो शेवटचे कडवे ऐकून भरता आला. एकोणीस गाण्यांपुढे तो अजून कोरा आहे, कारण त्यांचे शेवटचे कडवे भरलेलेच नाही. ती गाणी कोणाच्या तरी आईला, मामाला, शेजारच्या म्हाताऱ्याला पुरती येत असतील. त्यांच्याजवळ बसावे, आणि गाणे संपेपर्यंत उठू नये.